आग्रहबंदी

"पृथ्वी वाचवायची असंल, तर सुरुवात निघोज्यापासनंच करावी लागंल," असं सोपानरावांनी जाहीर केलं, आणि पृथ्वीच्या उत्तराची वाट न बघता चौथी जिलबी उचलली.

"आप्पा, ही कितवी?" उत्कर्षाने विचारलं.

"मी खातो. मोजायचं काम तुझं."

ते खरोखरच तिचं काम होतं. सोपानरावांची ही धाकटी लेक ताथवड्याच्या कॉलेजातून पर्यावरणाची इंजिनिअर झाली होती आणि निघोजे गावाला लागूनच असलेल्या एका कंपनीत नोकरी करत होती. कंपनी मोटारींचे हॉर्न बनवायची. उत्कर्षा त्या कंपनीच्या कँटीनमध्ये रोज किती भात उरला आणि किती चपात्या टाकल्या, याचं वजन करायची. आजोबांनी जिथे हरभरा पेरला आणि वडिलांनी जिथला सातबारा देऊन टाकला, तिथे नात आता उरलेल्या उसळीचं वजन करत होती. घराण्याचा शेतीशी संबंध असा अजून टिकून होता.

तिचं लग्न जमलं तेही या वजनकाट्यावरच. कँटीनमधून सलग तीन महिने एक ताट रोज घासल्यासारखं स्वच्छ परत येत होतं. त्या ताटाचा माग काढत ती निरंजनपर्यंत पोचली. निरंजन हॉर्नचा आवाज तपासायचा. दिवसभर तेच ऐकून तो इतका हळू बोलायचा, की त्याने लग्नाचं विचारलं तेव्हा उत्कर्षाला दोनदा 'काय?' म्हणावं लागलं.

निरंजनचे आईवडील मूळचे बीडकडचे, पिंपरीत येऊन त्यांना पस्तीस वर्षं झालेली. वडील उद्धवराव एका प्रेस शॉपमध्ये एकतीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. हातात मापाचा गेज घेऊन पत्र्याचा एकेक तुकडा पास किंवा नापास करण्यात त्यांची हयात गेली होती. फोटो, पत्रिका, बोलणी वगैरे सगळं पार पडलं होतं. राहिली होती सुपारी.

सुपारीचं तिकडे असं असतं. मुलाकडच्यांनी मुलीकडे जेवायला यायचं. जेवून तृप्त व्हायचं. मग पाटावर ठेवलेली सुपारी दोन्ही बापांनी मिळून फोडायची. फुटली, की लग्न ठरलं. पाहुणे ती न फोडताच उठले, तर ते दारातून म्हणतात, "घरी जाऊन कळवतो." आणि घरी जाऊन आजवर कोणी काही कळवलेलं नाही.

ती सुपारी येत्या रविवारी होती. त्यासाठीच घरची बैठक बसली होती आणि पृथ्वीचा विषय निघाला होता.

"माझ्या दोनच अटी," उत्कर्षा म्हणाली. "एक. त्यांच्याकडून हुंड्याची, मानपानाची, सोन्याची एक जरी मागणी आली, तर मी उठून जाईन. दुसरी. जेवण पौष्टिक असेल, जवळपास पिकलेलं असेल आणि त्यातला एक घास वाया जाणार नाही."

सोपानरावांनी पहिली अट लगेच मान्य केली. दुसरी मान्य करायला त्यांना पाचवी जिलबी लागली.

"आता वाया का जातं ते शोधू," उत्कर्षाने भिंतीवर एक कागद चिकटवला. कंपनीत काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारायची पद्धत असते. पाचव्या 'का'ला बिघाडाचं मूळ सापडतं म्हणतात. "गेल्या वर्षी आपल्या रणजीतदादाच्या साखरपुड्याला दोनशे पानांत एकसष्ट किलो अन्न टाकलं गेलं. मी मोजलंय. का?"

"लोकांनी पानात टाकलं म्हणून," सोपानराव म्हणाले.

"का टाकलं?"

"जास्ती वाढलं म्हणून."

"जास्त का वाढलं?"

"ते नको म्हणत व्हते म्हणून."

उत्कर्षाचा पेन थांबला. "नको म्हणत होते, म्हणून वाढलं?"

"मग? व्हय म्हणणाऱ्याला कशाला वाढायचं? तो मागून घेतोय की."

"बरं. नको म्हणणाऱ्याला का वाढलं?"

यावर सोपानरावांनी मंजुळाबाईंकडे पाहिलं. मंजुळाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग दोघांनी एकदमच सांगितलं, "भिमाजी हाय म्हणून."

उत्कर्षाने कागदावर चौथ्याच 'का'समोर ठळक अक्षरांत लिहिलं, 'भिमाकाका', आणि त्याभोवती लाल गोल काढला.

भिमाजी हा सोपानरावांचा चुलतभाऊ. शिक्षण सातवी, धंदा टेम्पोचा, पण आठ गावांत त्याला ओळखत ते आग्रहासाठी. पंगतीत वाढणारे पुष्कळ असतात. वाढून घ्यायला लावणारा एखादाच निपजतो. पाहुण्याने पानावर हात आडवा धरला, की भिमाजी त्या हाताच्या बोटांमधल्या फटींचा अंदाज घ्यायचा आणि तिथून जिलबी आत सोडायचा. हात घट्ट असेल तर मागून यायचा. 'हा माझ्या नावाचा' म्हणून एक लाडू वाढायचा, 'हा मोजायचा न्हाई' म्हणून दुसरा, आणि तिसऱ्याच्या वेळी नुसता डोळ्यांत पाणी आणून उभा राहायचा. एकदा एका पाहुण्याला त्याने अकरा लाडू घातले होते. तो पाहुणा त्या घरचा नव्हताच. मांडव चुकला होता. हे सगळं भिमाजी एखादं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनच्या चेहऱ्याने करायचा. स्वतः मात्र गोडाला शिवायचा नाही, कारण त्याला साखरेचा आजार होता.

त्याला बोलावून आग्रहबंदीचा निर्णय कळवण्यात आला.

"म्हंजी मी वाढायचं, पण आग्रह करायचा न्हाई?" त्याने विचारलं.

"वाढायचंही नाही, काका. तुम्ही नुसते वाढायला उभे राहिलात तरी लोक दोन घास जास्त खातात."

"मग मी यिऊन करू काय?"

"पाहुण्यांसारखं बसायचं."

"बसायचं?" भिमाजीने आधी भावाकडे पाहिलं, मग स्वतःच्या दोन्ही तळहातांकडे पाहिलं. चाळीस वर्षांत तो पंगतीत बसलेला नव्हता. "बरं हाय पोरी," तो म्हणाला. "तुझं लगीन हाय. तू म्हणशील तसं." आणि टेम्पो चालू न करता ढकलत घेऊन गेला. गाडी बंद पडली होती हे खरं, पण त्या क्षणी ते पाहणाऱ्यांना फार लागलं.

मग जेवणाचा बेत ठरला. पंधरा किलोमीटरच्या आत पिकलेलंच वापरायचं असं आधी उत्कर्षाच्या मनात होतं. तिने चौकशी केली तेव्हा पंधरा किलोमीटरच्या आत मोटारीचे दरवाजे, सीटा, आरसे, काचा आणि नटबोल्ट यांचं भरघोस पीक होतं. खाण्यासारखं काही नव्हतं. म्हणून हद्द चाळीस किलोमीटरपर्यंत वाढवली. त्यात मावळातला इंद्रायणी तांदूळ आला, खेडकडची ज्वारी-बाजरी आली, मेथी आली, पावटा आला. गव्हाची गुळातली खीर ठरली. तेल मोजून. जिलबी रद्द. प्लास्टिक रद्द, पळसाच्या पत्रावळी.

"आणि पाव्हण्याला आणखी काय पायजे ते कळायचं कसं?" मंजुळाबाईंनी विचारलं. "कोण इचारायचंच न्हाई म्हणतेस."

उत्कर्षाने पुठ्ठ्याची कार्डं काढली. प्रत्येकाला दोन, एक हिरवं आणि एक लाल. कंपनीत मशीनवर दिवे असतात तशी. "हिरवं वर केलं म्हणजे वाढा. लाल म्हणजे पुरे. लाल दिसलं की वाढणाऱ्याने पुढे जायचं. एक शब्द बोलायचा नाही. सुरुवातीला सगळ्यांना थोडं थोडंच वाढायचं, हवं ते त्यांनी मागून घ्यायचं. यात चूक होऊच शकत नाही."

मंजुळाबाईंनी ती कार्डं उलटसुलट करून पाहिली. "पोरी, ही गाडी थांबवायला बरी हायती," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन चाळीस माणसांच्या हिशोबाने ज्वारी दळायला काढली. पाहुणे बावीसच येणार होते.

*

रविवारी पिंपरीत उद्धवरावांनी सकाळीच घरात फर्मान काढलं होतं. "कुणी काही खायाचं न्हाई. चहासंगं बिस्कीटबी न्हाई. व्याह्याकडं जेवाया जायालोत. तिथं पानात हात फिरवत बसलात, तर त्यांना वाटंल स्वयंपाक आवडला न्हाई."

बावीस माणसं दोन गाड्यांत दहाला निघाली. तळवड्याच्या चौकात एक कंटेनर आडवा झाला होता. त्याच्या मागे दोनशे गाड्या उभ्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांचे हॉर्न निरंजनच्या कंपनीचे होते. "आवाज बरोबर आहे," निरंजन हळूच म्हणाला. ते कोणाला ऐकू गेलं नाही. मंडळी निघोज्यात पोचली तेव्हा पावणेदोन झाले होते आणि उद्धवरावांच्या पोटातून येणारा आवाज गाडीत मागच्या सीटवर ऐकू येत होता.

पण माणूस पक्का रीतीचा. दारातच सोपानराव म्हणाले, "चला, आधी जेवूनच घ्या."

"छे छे, आम्हाला कुटं भूक हाय! सकाळी दाबून नाष्टा झाला," उद्धवराव म्हणाले. त्यांच्या पत्नी दुर्गाबाईंनी यावर डोळे मिटून घेतले.

सोपानरावांच्या तीनमजली घराच्या हॉलमध्ये पंगत बसली. समोरच्या भिंतीशी पाट मांडला होता, त्यावर तांदळाची रास, राशीवर सुपारी. रणजीत आणि त्याचे दोन मित्र वाढायला होते. भिमाजी पंगतीच्या टोकाला, पान न घेता, हात मागे बांधून बसला होता. उत्कर्षाने गोड आवाजात कार्डांची पद्धत समजावून सांगितली. उद्धवरावांनी दोन्ही कार्डं मान हलवत तपासली, कडा बोटाने चाचपल्या आणि पास केली.

पान वाढलं गेलं. अर्धी भाकरी, चमचाभर मेथी, एक पळी पावट्याची आमटी, लिंबाएवढा भात, दोन घोट खीर. सुंदर दिसत होतं. साडेतीन मिनिटांत संपलं.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. उद्धवराव ज्या घरात वाढले, तिथे पाहुण्याने पहिल्यांदा 'पुरे' म्हणायचं असतं. तिथून जेवणाला सुरुवात होते. मग वाढणारा 'असं कसं' म्हणतो, पाहुणा 'आता जागा नाही' म्हणतो, वाढणारा शपथ घालतो, पाहुणा 'बरं, अर्धीच' म्हणतो आणि दोन भाकऱ्या खातो. पहिल्याच झटक्याला 'वाढा' म्हणणारा माणूस त्यांच्या गावात एकच होता आणि त्याला मुलगी मिळाली नव्हती. ही रीत निघोज्यातही अगदी तशीच होती. सगळ्यांना माहीत होती. फक्त कार्डांना माहीत नव्हती.

रणजीत भाकरीची टोपली घेऊन आला. उद्धवरावांनी रीतीप्रमाणे, हसून, लाल कार्ड वर केलं.

रणजीत पुढे गेला.

उद्धवरावांचं हसू तसंच राहिलं. हातातलं कार्डही तसंच राहिलं. आयुष्यात प्रथमच त्यांच्या 'पुरे'वर कोणी विश्वास ठेवला होता.

यजमानाकडच्या या वागण्याचा अर्थ न कळल्याने बाकीच्या वीस जणांनी घरच्या कर्त्या पुरुषाकडे पाहिलं आणि एकामागोमाग एक लाल कार्डं वर केली. दुर्गाबाईंनी हिरवं कार्ड मांडीखाली धरलं होतं. त्यांनी ते दोनदा चाचपलं. तिसऱ्यांदा अर्धं बाहेर काढलं.

"काय करायलीस?" उद्धवराव ओठ न हलवता म्हणाले.

"भाकर मागायले."

"मान हाय का न्हाई आपल्याला? आधी त्यांनी म्हणू दे की."

"आन् न्हाई म्हणले तर?"

"असं कसं न्हाई म्हणतील? माणसं हायती."

पण माणसं म्हणत नव्हती. सोपानराव दाराशी उभे राहून 'म्हणू का' अशा नजरेने लेकीकडे बघत होते आणि लेक मानेनेच नाही म्हणत होती. आमटी आली, लाल कार्डं बघून गेली. भात आला आणि गेला. खीर दोनदा येऊन गेली. दुसऱ्या वेळी ती जरा रेंगाळली असं उद्धवरावांना वाटलं. पंगतीच्या टोकाला भिमाजी हे सगळं पाहत होता. खिरीचं पातेलं तसंच परत जाताना त्याने तोंड फिरवून भिंतीकडे केलं.

"मंडळी, सावकाश हं," सोपानराव न राहवून म्हणाले. त्यात आग्रह नव्हता. पण सावकाश करण्यासारखं पानात काही नव्हतं.

बावीस माणसं उठली आणि हात धुऊन आली.

*

उत्कर्षाने स्वयंपाकघरामागे काटा मांडला होता. बावीस पत्रावळ्यांवरचं एकूण खरकटं भरलं एकशे चाळीस ग्रॅम. त्यातही बराचसा कढीपत्ता.

"आई!" ती जवळजवळ ओरडली. "एकशे चाळीस ग्रॅम! कंपनीतसुद्धा असा आकडा कधी आला नाही!"

मंजुळाबाई तिला चुलीपाशी घेऊन गेल्या. त्यांनी टोपलीवरचं फडकं काढलं. एकशे दहा भाकऱ्यांपैकी नव्याण्णव तशाच होत्या. भाताच्या पातेल्यावर पळीचा एक ओरखडा होता. खिरीवर साय आली होती.

"पानात न्हाई टाकलं," मंजुळाबाई म्हणाल्या, "पातेल्यात टाकलं."

तेवढ्यात उत्कर्षाच्या फोनवर निरंजनचा मेसेज आला. तो हॉलमध्ये बापाशेजारी बसून चोरून लिहीत होता. 'बाबा सकाळपासून उपाशी आहेत. आम्ही सगळेच आहोत. तू लाल कार्डावर विश्वास का ठेवलास?' पाठोपाठ दुसरा आला. 'बाबा चपला शोधतायत. घरी जाऊन कळवतो म्हणणार आहेत.'

उत्कर्षा खाली बसली. तिने आयुष्यात बरंच उरलेलं पाहिलं होतं, पण आपलं लग्न असं फडक्याखाली झाकलेलं प्रथमच पाहत होती.

"आता?" तिने विचारलं.

"आता काय? हात धुतले पाव्हण्यांनी. हात धुतलेला माणूस पुन्हा पानावर बसत न्हाई. कुणाच्या बापाच्यानं बसवणं व्हणार न्हाई." मंजुळाबाई थांबल्या. "एक हाय म्हणा."

दोघींनी मागच्या दाराकडे पाहिलं. भिमाजी पायरीवर बसला होता. हात अजून मागेच होते.

"काका," उत्कर्षा म्हणाली, "बंदी उठली."

भिमाजीने उठून हात पुढे घेतले आणि बोटं मोकळी केली.

"पण एक अट," उत्कर्षा म्हणाली. या स्थितीतही अट घालणं तिला जमलं. "तुम्ही आग्रह करून वाढलेलं पाहुण्याच्या पानात उरलं, तर ते तुम्ही खायचं. तिथल्या तिथे."

"मी? आन् खीर उरली तर? मला साखर हाय पोरी."

"म्हणूनच."

भिमाजीचा चेहरा उतरला. चाळीस वर्षांत त्याने आग्रहाच्या पुढे काय होतं याचा विचार केला नव्हता. तो आकाशाकडे बघून काहीतरी पुटपुटला, भाकरीची टोपली उचलली आणि आत गेला.

हॉलमध्ये उद्धवराव उजव्या पायात चप्पल घालून डाव्या पायाची शोधत होते. सोपानराव हवालदिल होऊन तीच चप्पल पाठीमागे धरून उभे होते.

"बरं, येतो मग सोपानराव. घरी जाऊन क..."

"पाव्हणं!" भिमाजी मध्ये आला. "हात धुतले का?"

"धुतले की. जेवलाव, धुतले."

"बरं केलं. न धुता बसला असता तर कसं दिसलं असतं? चला, पानं वाढतोय."

"आँ? जेवण झालं की आमचं!"

"कधी?"

"आत्ता! मघाशी! ते काय होतं मग?"

"ते?" भिमाजीने सोपानरावांकडे असं पाहिलं, जणू पाहुणे फारच विनोदी आहेत. "ते सँपल व्हतं."

"सँपल?" उद्धवराव म्हणाले.

"मग काय! आमाला सांगण्यात आलं, पाव्हणे इन्स्पेक्शनमधले. एकतीस वर्षं गेज हातात व्हता. म्हणलं अशा माणसाला थेट लॉट कसा पाठवायचा? आधी अर्धी भाकरी, पळीभर आमटी. माणसानं तपासावं. पास म्हणलं तर माल उतरवू, नापास म्हणलं तर टोपली परत. आता तुमी तर काहीच न बोलता निघालाय. म्हंजी नापास. बरं. वहिनी! टोपली झाका. नापास झालं सगळं."

"अहो, नापास कोण म्हणलं?" उद्धवराव घाईने म्हणाले.

"मग पास?"

उद्धवरावांनी चप्पल काढली. त्यांच्या चेहऱ्यावर जुनी, ड्यूटीवरची कळा आली. "असं अर्ध्या भाकरीवर पास-नापास सांगता येत नसतं," ते म्हणाले. "सँपल साईज कमी पडली. नियमात बसत न्हाई."

"किती लागंल?"

"बघावं लागंल. एक-एक भाकर तरी आख्खी पायजे. कडा तपासाव्या लागतील." मग त्यांनी मागे वळून आपल्या एकवीस माणसांकडे पाहिलं. "आन् एकट्यानं करून चालत न्हाई. सगळ्यांनी चेक करावं लागंल."

दुर्गाबाई तोवर पत्रावळीवर बसल्यासुद्धा होत्या. हिरवं कार्ड त्यांनी पदरात खोचलं होतं. "तुमचं चालू द्या," त्या म्हणाल्या. "माझं पास हाय. वाढा."

आणि मग निघोज्याने जी पंगत पाहिली, तशी भिमाजीनेही पाहिली नव्हती. कारण आता प्रत्येक घासाला तो जामीन होता. तो वाढण्याआधी पाहुण्याचे डोळे बघायचा, गळ्याची घाटी बघायचा, पट्ट्याचं कितवं भोक आहे ते बघायचा. भाकरीचे चार तुकडे करून एकेक चतकोर पुढे करायचा. "एवढाच. जाईल. मी बघितलंय, जाईल." आणि तेवढाच जायचा. निरंजनच्या एका मावसभावाला त्याने खीर वाढायला पळी नेली, अर्ध्या वाटेत त्याच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि पळी परत घेतली. भिमाजीने वाढायला नेलेली पळी परत घेतली, हे सोपानरावांनी पुढे कित्येक दिवस लोकांना शपथेवर सांगितलं. फक्त एकदा अंदाज चुकला. एका मामांच्या पानात चतकोर भाकरी राहिली. भिमाजीने सगळ्यांदेखत ती उचलून मेथीबरोबर खाल्ली.

"काका, कशी आहे?" उत्कर्षाने विचारलं.

"चांगली हाय की गं," भिमाजी चकित होऊन म्हणाला. "इतकी वर्षं लोकांना वाढतोय, मला कुणी सांगितलंच न्हाई."

उद्धवरावांचं इन्स्पेक्शन मात्र कसून चाललं होतं. बाजरीच्या तीन भाकऱ्या झाल्या, ज्वारीच्या तीन झाल्या. "दोन्हींत फरक हाय का बघायचाय" म्हणून प्रत्येकी एक आणखी झाली. आमटीचा रंग वाटी बदलून पाहिला. भात 'पहिल्या वाफेचा आणि शेवटच्या वाफेचा' असा वेगवेगळा मागवला. खिरीच्या पाचव्या वाटीला त्यांनी लाल कार्ड वर केलं.

भिमाजी थांबला. "हे मघाचं लाल, का खरं लाल?"

"खरं."

"माझ्या गळ्याची आण?"

"तुमच्या, माझ्या, सोपानरावांच्या, सगळ्यांच्या गळ्याची," उद्धवराव म्हणाले. त्यांना बोलताना मध्ये श्वास घ्यावा लागत होता.

पानांवरचं खरकटं यावेळी नव्वद ग्रॅम भरलं. टोपली रिकामी होती. पातेली रिकामी होती. यजमानांकडचे अठरा लोक जेवायचे राहिले होते हे मंजुळाबाईंच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी पिठलं टाकायला घेतलं. उत्कर्षाने काट्यावरचा आकडा दोनदा वाचला आणि भिंतीवरच्या कागदावर 'भिमाकाका'भोवतीचा लाल गोल हिरव्या पेनाने गिरवला.

आता राहिली होती सुपारी.

सोपानराव पाटासमोर उभे राहिले. बोलायची संधी त्यांनी कधी सोडली नव्हती. "मंडळी, आज निघोज्यानं जगाला दाखवून दिलं. पौष्टिक खा, जवळचं खा, पोटभर खा, आन् टाकू नका! उद्या या पंगतीचं नाव लोक परदेशात काढतील. पृथ्वी आज..." इथे त्यांना पुढचं सुचेना, म्हणून त्यांनी अडकित्ता उंच धरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "चला उद्धवराव. या. हात लावा."

उद्धवराव भिंतीला टेकून उभे होते. जागचे हलले नाहीत. चेहरा गंभीर झाला होता, कपाळावर आठ्या होत्या. त्यांनी एक हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"सोपानराव," ते जड आवाजात म्हणाले. "माल पास हाय. मुलगी तर आम्हाला पहिल्यापासनं पास हाय. पण माझं एक मागणं हाय. ते पुरं झाल्याबिगर मला सुपारीला हात लावता येणार न्हाई."

टाळ्या थांबल्या. सोपानरावांचा अडकित्ता हवेतच राहिला. मंजुळाबाई पिठाचा हात घेऊन दारात आल्या. निरंजन आयुष्यात प्रथमच सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बाबा!" उत्कर्षाने पदर खोचला. ती उठून जाणार होती. तिने तसं सांगूनच ठेवलं होतं. तिने फक्त पुढचं वाक्य ऐकायचं ठरवलं.

"काय मागणं?" सोपानरावांनी घसा खाकरून विचारलं. "सोनं? का गाडी?"

"न्हाई हो." उद्धवरावांनी पाटाकडे पाहिलं, मग आपल्या पोटाकडे पाहिलं, मग त्या दोहोंमधल्या अंतराकडे पाहिलं. "पाट लई खाली हाय. वाकता येईना झालंय." आणि आवाज खाली आणून ते म्हणाले, "चिमूटभर ओवा मिळंल का?"